हातात काय उरतं?

पोपो आणि नाना ही बर्फाचा डोंगर चढणारी दोन मुलं. निळ्या कोटातला पोपो, गुलाबी कोटातली नाना, दोघांच्या हातात लाकडी हातोडे. १९८५ च्या एका साध्यासुध्या गेममधून निन्टेन्डोनं त्यांना २००१ साली 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' या मारामारीच्या गेममध्ये आणलं. दोघं मिळून एकच पात्र, नाव 'आइस क्लायंबर्स'. बटणं आपण पोपोसाठी दाबायची; नाना तेच सहा फ्रेम उशिरा करते, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं मागून. या एवढ्याशा फटीतून खेळाडूंनी कितीतरी डाव काढले. त्यातल्या एकावरून स्पर्धकांच्या दोन पिढ्या भांडल्या. त्याचं नाव वॉबलिंग.

वॉबलिंग समजायला सोपं आहे. पोपोनं प्रतिस्पर्ध्याला धरायचं. एरवी धरलेला खेळाडू स्टिक आणि बटणं भराभर हलवून सुटतो. पण इथे पोपो त्याला डोक्यानं धडक मारतो, त्यातून समोरचा सावरायच्या आत नानाचा हातोडा बसतो, मग पुन्हा पोपो, पुन्हा नाना. ठेका एकदा जमला की समोरचं पात्र सतत मार खाण्याच्या अवस्थेत अडकून राहतं आणि त्या अवस्थेतून सुटता येत नाही. स्मॅशमध्ये मार टक्क्यांत मोजतात. टक्के जितके जास्त तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता, आणि रणांगणाबाहेर फेकले गेलात की जीव जातो. वॉबलिंगमध्ये पन्नासाचे शंभर होतात, शंभराचे दोनशे, आणि मारणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा शेवटचा हातोडा पडतो.

गेम बनवणाऱ्यांनी हा डाव मुद्दाम ठेवलेला नव्हता. रॉबर्ट राइट या अमेरिकन खेळाडूनं २००६ च्या सुमारास तो स्पर्धांमध्ये रूढ केला. तो 'वॉबल्स' या नावानं खेळायचा, आणि तेच नाव डावाला चिकटलं.

आजच्या एखाद्या गेममध्ये असं काही सापडलं असतं तर पंधरा दिवसांत अपडेट आला असता आणि विषय संपला असता. 'मेले' ही निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्राच्या छोट्या डिस्कवर छापून विकलेली गेम. स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी ती दुरुस्त करायला पुढे कोणी आलं नाही. त्यामुळे खेळणाऱ्यांनी आपली घटना आपणच लिहिली. प्रत्येकाला चार जीव, आठ मिनिटांची वेळ, आकाशातून पडणाऱ्या वस्तू बंद. ढीगभर रणांगणांपैकी फक्त सहा मान्य, कारण बाकीच्यांवर एक तर पळ काढणं फार सोपं होतं किंवा नशीब फार आडवं येत होतं. याच आइस क्लायंबर्सना समोरच्याला कायमचं गोठवून ठेवता येईल असा एक दोष गेममध्ये सापडला, त्यावर बंदी आली आणि त्याबद्दल कोणी हूं की चूं केलं नाही. वॉबलिंगच्या बाबतीत मात्र एकमत होईना. कुठल्या शहरात चालायचं, कुठे नाही. २०१३ मध्ये लास व्हेगासच्या 'इव्हो' या मारामारीच्या गेम्सच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत ते मान्य झालं. त्या वर्षी 'मेले' तिथे पोचली तीच चाहत्यांच्या खिशातून: स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी कोणत्या गेमचे चाहते जास्त देणगी देतात अशी चढाओढ होती आणि स्मॅशवाल्यांनी ९४ हजार डॉलरहून जास्त जमवले. त्याच स्पर्धेत वॉबल्स स्वतः अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मँगो या खेळाडूकडून हरून दुसरा आला. पुढची काही वर्षं वॉबलिंग बहुतेक ठिकाणी चाललं. २०१९ मध्ये मोठ्या स्पर्धांनी एकामागून एक त्यावर बंदी घातली.

माझ्या मते ती बंदी योग्य होती. पण ती ज्या कारणांनी मागितली गेली त्यातली बरीच कारणं चुकीची होती, आणि याबद्दल मला गप्प बसवत नाही. कारण चुकीचं असलं की पुढच्या वेळी त्याच कारणानं भलत्याच गोष्टीवर बंदी येते.

अमेरिकेत शिकायला होते तेव्हा आमच्या विद्यापीठात दर आठवड्याला संध्याकाळी 'मेले' खेळणारी मुलं जमायची. कुणीतरी गाडीच्या डिकीतून जुने, पाठीला मोठं कुबड असलेले टीव्ही उतरवायचं. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं आणि या खेळात तेवढा उशीरही परवडत नाही. मी शीक हे पात्र घेऊन खेळायचे. आमच्यात आइस क्लायंबर्स खेळणारा एकच मुलगा होता. अबोल, फार मेहनती. त्याच्यासमोर खेळताना मी पकडली गेले की पहिले दोन ठोके धडपड करायची, तिसऱ्या ठोक्याला कळायचं की आता काही उपयोग नाही, आणि मग मी कंट्रोलर मांडीवर ठेवायची. सगळेच तसं करायचे. काही जण पाण्याची बाटली उघडायचे. तो मात्र पडद्यावरून नजर न हलवता ठेका धरून बसलेला असायचा, कारण एक ठोका चुकला की मी सुटले असते.

मागे बसलेली पोरं ओरडायची, "यात कसब काय आहे?" हा पहिला चुकीचा आक्षेप. कसब आहे. धरण्यापूर्वी नानाला जवळ ठेवायचं, तिला एकटीला मार पडू द्यायचा नाही, दोघांना वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं करायला लावायचं, हे शिकायला वर्षं जातात. ठोक्यांचा भाग सोपा आहे हे खरं. पण खेळात सोप्या गोष्टी असायला हरकत काय? सोपं म्हणून बंद करायचं ठरवलं तर नवख्या पोरांच्या हातात काहीच उरणार नाही.

दुसरा आक्षेप असा की याच्यामुळे माणूस सारखा जिंकतो. तेही खरं नव्हतं. वॉबलिंग मोकळं होतं त्या वर्षांत मोठ्या स्पर्धा जिंकणारे फॉक्स, फाल्को, पीच, जिगलीपफ ही पात्रं खेळत होते. आइस क्लायंबर्सची नाना एकदा मेली की उरलेला पोपो फार दुबळा, आणि चांगले खेळाडू आधी तिलाच वेगळं काढून मारायचे. निकालांच्या तक्त्यावरून बंदी मागणाऱ्यांना तो तक्ताच साथ देत नव्हता.

मग मला ती योग्य का वाटते? त्यासाठी या खेळाचा गाभा सांगायला हवा.

'मेले'मध्ये मार खातानाही तुमचा हात चालू असतो. फटका बसून तुम्ही हवेत उडता तेव्हा स्टिक कुठे वळवली आहे यावर तुमची उडण्याची दिशा थोडी बदलते. याला खेळाडू 'डीआय' म्हणतात. एवढ्याशा फरकानं माणूस जगतो किंवा मरतो. त्यामुळे मारणाऱ्यालाही अंदाज बांधावा लागतो: हा आता आत वळेल की बाहेर? जमिनीवर आपटताना योग्य क्षणी बटण दाबलं तर लोळण घेऊन उठता येतं, तेही डावीकडे, उजवीकडे किंवा जागच्या जागी. शीक किंवा मार्थनं फॉक्सला धरून वर फेकायचं, पडताना पुन्हा धरायचं, असे शून्यापासून मरणापर्यंत नेणारे डाव या खेळात आहेत आणि ते पाहणाऱ्याला क्रूर वाटतात. पण तिथेही प्रत्येक फेकीला मार खाणारा काहीतरी निवडत असतो आणि मारणारा ती निवड ओळखायला धडपडत असतो. दोन माणसं खेळत असतात. वॉबलिंग सुरू झालं की एकच माणूस खेळतो. दुसऱ्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला काय आणि हातात धरला काय, पडद्यावर तसूभर फरक पडत नाही.

माझे बाबा नाशिकला बरीच वर्षं क्लब क्रिकेटचे पंच होते. फोनवर मी त्यांना एकदा हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण नियमांचा वाद म्हटला की ते सरसावून बसतात.

"अगं, म्हणजे हे मांकडिंगच झालं की," ते म्हणाले.

डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडून पुढे निघालेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. त्याआधी याच दौऱ्यातल्या एका सामन्यातही त्यांनी त्याला तसंच बाद केलं होतं. नियमात बसणारी गोष्ट होती, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमन यांनीही मांकडांची बाजू घेतली. तरी पुढची कित्येक दशकं ते नाव एखाद्या कलंकासारखं वापरलं गेलं. गावसकरांनी त्याला जाहीर हरकत घेतली ती मला पूर्ण पटते. २०२२ मध्ये हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला गेला.

"तुम्ही बोट वर केलं असतं का, बाबा?"

"लगेच. त्याला क्रीझ सोडायला कुणी सांगितलं होतं?"

वॉबलिंगच्या बाजूनं बोलणारे अगदी हेच म्हणतात. धरू द्यायचं नव्हतं. आधी चूक केलीस, आता भोग. हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाबांशी बोलल्यावर मी बरेच दिवस त्यावर विचार करत होते. दोन्हींत फरक आहे, असं मला वाटतं. नॉन-स्ट्रायकरला क्रीझमध्ये थांबायला काहीच खर्च येत नाही. चेंडू सुटेपर्यंत थांबणं हा त्याचा धर्मच आहे. 'मेले'मध्ये धरलं जाणं हा मात्र खेळाच्या तिकटीचाच एक कोपरा आहे: हल्ला ढालीपुढे हरतो, ढाल पकडीपुढे हरते, पकड हल्ल्यापुढे हरते. ढाल उचलली की कधीतरी धरले जाणारच, आणि त्याची किंमत म्हणून थोडा मार खाणार. त्या किमतीच्या जागी अख्खा जीव ठेवला की ढाल उचलणंच मूर्खपणाचं ठरतं. म्हणजे एक कोपरा कापला जातो आणि तिकटी मोडते. तसंच झालं. आइस क्लायंबर्स समोर आले की लोक उंच फळ्यांवर चढून बसायचे, जवळ यायचे नाहीत, एखादा फटका मारून पुन्हा वर पळायचे. आठ मिनिटांचं घड्याळ संपेपर्यंत चाललेले सामने मी पाहिले आहेत. वॉबलिंग पडद्यावर दिसलंही नाही तरी त्याच्या धाकानं समोरच्याचा अर्धा खेळ आधीच बंद झालेला असायचा.

म्हणून कुठल्याही डावावर बंदी घालायची की नाही हे ठरवताना मी एकच प्रश्न आधी विचारते: हा डाव चालू असताना दुसऱ्याच्या हातात काय उरतं?

हा प्रश्न घेऊन इतर गेम्सकडे पाहिलं की काही ठिकाणी उत्तर लगेच मिळतं. १९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'मध्ये अकुमा नावाचं एक लपलेलं पात्र होतं. हवेतून तिरके गोळे टाकणाऱ्या त्या पात्राला तोंड देण्यासाठी बाकीची पात्रं घडवलेलीच नव्हती. अमेरिकेत त्याच्यावर सरळ बंदी आली. जपानमध्ये लिहून काही ठेवलं गेलं नाही. खेळाडू त्याला आपणहून निवडत नसत. ती पद्धत मला मनापासून आवडते, पण ती जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथेच टिकते. अनोळखी माणूस बक्षिसाच्या रकमेसाठी आला की त्याला कागदावर काय आहे तेवढंच दाखवता येतं.

पोकेमॉनचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या गेममध्ये 'डायनामॅक्स' होतं: लढाईत एकदा, तीन चालींपुरता, तुमचा कोणताही एक पोकेमॉन अवाढव्य होतो, त्याची ताकद आणि आयुष्य दोन्ही फुगतात. स्मॉगन ही चाहत्यांनी उभी केलेली संस्था आपले एकास एक लढाईचे नियम स्वतः ठरवते. तिनं महिन्याभरात त्यावर बंदी घातली. कंपनीच्या अधिकृत स्पर्धांत, जिथे दोनास दोन लढाई असते, ते राहिलं. तिथे ते चाललंही, कारण मैदानात आपले दोन पोकेमॉन असतात, एकानं बचाव करत दुसऱ्यानं मारता येतं, त्या तीन चाली तग धरून काढता येतात. एकच गोष्ट एका मैदानावर हात बांधते आणि दुसऱ्यावर बांधत नाही. २०२२ च्या गेममध्ये त्याच्या जागी 'टेरास्टल' आलं, ज्यात पोकेमॉन लढाईच्या मध्येच आपला प्रकार बदलतो; पाण्याचा समजून वीज मारावी तर तो जमिनीचा होऊन उभा. यावर २०२३ मध्ये स्मॉगनवर मोठा वाद आणि मतदान झालं. पूर्ण बंदीशिवाय मधले रस्तेही चर्चेत होते, जसं की कोण कशात बदलणार हे लढाईआधीच दाखवायचं. शेवटी बंदी आली नाही. मला ते बरोबर वाटलं. टेरास्टलनं अंदाज चुकतो, राग येतो, कधी जिंकत आलेला सामना जातो. पण पुढची चाल तुमच्याकडे असते.

त्या मतदानातली एक रीत इतरांनी उचलावी अशी आहे. तिथे मत द्यायचं तर आधी प्रत्यक्ष खेळून ठराविक दर्जा गाठावा लागतो. नुसतं बाहेरून पाहून चिडलेल्याला मत नाही. 'मेले'च्या वादात प्रेक्षकांची गर्दी फार होती. वॉबलिंग पाहायला कंटाळवाणं आहे हे कारण वारंवार दिलं गेलं, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना प्रेक्षक हवे असतात हे मी समजू शकते. पण खेळणाऱ्याच्या वर्षांच्या मेहनतीवर पाहणाऱ्याच्या कंटाळ्यानं निकाल द्यावा हे मला पटत नाही.

'काउंटर-स्ट्राइक'चं प्रकरण निराळं. तिथे पळताना गोळी नीट लागत नाही, म्हणून डावीकडे जाणारा खेळाडू क्षणभर उजवीकडचं बटण दाबून जागीच थांबतो आणि मग मारतो. एक बोट सुटण्याची आणि दुसरं पडण्याची वेळ जुळवणं, हे या खेळातलं रियाजाचं कसब. जुलै २०२४ मध्ये रेझर या कंपनीनं 'स्नॅप टॅप' आणलं: दोन्ही बटणं दाबलेली असली तरी शेवटी दाबलेलं खरं धरणारा कीबोर्ड. वेळ जुळवायचं काम यंत्रानं उचललं. ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हनं आपल्या सर्व्हरवर असं करणाऱ्यांना सामन्यातून काढायला सुरुवात केली. तिथे माझा प्रश्न उलटा विचारावा लागतो, आपल्याच हातात काय उरलं? बंदी मला तिथेही मान्य आहे. मात्र व्हॉल्व्ह गेमची मालक आहे. एका सकाळी तिनं ठरवलं आणि झालं. 'मेले'वाल्यांना ही सोय कधीच नव्हती; त्यांना एकमेकांची समजूत काढावी लागली, आणि त्या वर्षानुवर्षांच्या भांडणामुळेच तो समाज मला इतका जवळचा वाटतो.

समजूत न काढता बंदी घातली की काय होतं हेही स्मॅशवाल्यांनी पाहिलं आहे. पुढच्याच गेममध्ये, 'ब्रॉल'मध्ये, मेटा नाइट नावाचं पात्र सगळ्यांना भारी पडत होतं. २०११ मध्ये नियम एकसारखे करायला बसलेल्या समितीनं जानेवारी २०१२ पासून त्याच्यावर बंदी जाहीर केली. त्याच महिन्यात झालेल्या 'एपेक्स' या मोठ्या स्पर्धेनं ती पाळलीच नाही. जपानहून आलेल्या ओटोरीनं तिथे मेटा नाइट मोकळा असताना ओलिमार या पात्रानं स्पर्धा जिंकली. त्यानंतर ती बंदी हळूहळू विरून गेली.

वॉबलिंगवरची बंदी टिकली, आणि तिच्यात एक शहाणपण होतं: पात्राला हात लावला नाही, डाव तेवढा काढला. तरी नियम लिहिताना घाम फुटतोच. नानाचे किती फटके सलग बसले म्हणजे वॉबलिंग? पोपोनं सोडून नानानं धरलं तर? अशी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात पकड देत नेणारी साखळी अवघड आहे, समोरच्याला तिच्यात हालचालीला वाव असतो, आणि ती चालू राहिली हे उत्तम झालं. आमच्या विद्यापीठातला तो मुलगा बंदीनंतर काही महिने आलाच नाही. मग आला तेव्हा तो हीच साखळी खेळत होता. आता तो पूर्वीइतका जिंकत नव्हता. त्याच्याशी खेळताना मात्र माझा कंट्रोलर हातातच राहायचा, आणि सामना झाल्यावर आम्ही कुठल्या फेकीला मी कुठे वळायला हवं होतं यावर बोलत बसायचो. त्याचं जे गेलं ते भरून देणारं कुणी नव्हतं. बंदी घालणाऱ्यांनी हे मनात ठेवायला हवं, निदान पुढच्या हंगामापर्यंतची मुदत तरी द्यायला हवी. वर्षभर घडवलेला खेळ एका शनिवारी बाद ठरवणं हा अन्याय आहे, मग कारण कितीही योग्य असो.

सध्या 'मेले'वाले सपाट, बटणांच्या कंट्रोलरवरून भांडत आहेत. स्टिकऐवजी नुसती बटणं असलेली ही पेटी हाताच्या दुखापतींनी हैराण झालेल्या खेळाडूंसाठी पुढे आली. गेमक्यूबचा कंट्रोलर वर्षानुवर्षं पिळून मनगटं आणि अंगठे कामातून गेलेली माणसं या खेळात खूप आहेत. पण बटणाला थरथर नाही. स्टिकवर अंगठ्यानं जो कोन कधी साधतो, कधी हुकतो, तो पेटीवर दर वेळी अचूक निघतो. समोर स्टिक घेऊन बसलेल्याला ते अन्यायाचं वाटणं स्वाभाविक आहे. इथे माझा प्रश्न दोन्ही बाजूंना टोचतो. पेटी मोकळी सोडली तर समोरच्याचं कसब स्वस्त होतं, आणि सरसकट बंद केली तर दुखऱ्या हाताच्या खेळाडूकडे खेळायला काहीच उरत नाही. मी पेटी ठेवण्याच्या बाजूची आहे. तिच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये कोनांना मर्यादा घालता येते, हालचालींना अंगठ्याला लागतो तितका वेळ लावता येतो, आणि तशा मर्यादा काहींनी सुचवल्याही आहेत. त्या नेमक्या किती कडक असाव्यात हे ठरवताना स्टिकवाल्यांबरोबर पेटी वापरणाऱ्यांनाही टेबलावर बसवायला हवं, आणि ज्यांचे हात दुखतात त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं.